स्वतःलाच नडणाऱ्या सवयी: ओळखायच्या कशा, मोडायच्या कशा

विजेच्या बिलाची शेवटची तारीख माहीत असते. खात्यात पैसे असतात. रांगेत उभं राहायचं नसतं, फोनवर दोन मिनिटांत काम होतं. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी तारीख उलटून जाते आणि दंड भरावा लागतो. कुणी अडवलेलं नसतं, आणि पुढच्या वेळीही बहुधा असंच होणार हे मनातून ठाऊक असतं.

नखं खाणं, झोपायच्या वेळी तासभर फोन चाळत बसणं, डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी पुढे ढकलणं, नको असताना 'हो' म्हणणं, परीक्षेच्या आदल्या रात्री वही उघडणं, घरात वाद झाला की दोन-दोन दिवस अबोला धरणं, या सगळ्या एकाच जातीच्या सवयी. नुकसान आपलं आणि करणारेही आपणच. 'कळतं पण वळत नाही' म्हणत माणसं वर्षानुवर्षं त्या सांभाळतात.

का वळत नाही, याचं उत्तर हिशेबात आहे. अशा प्रत्येक सवयीत नफा रोख मिळतो आणि तोटा उधारीवर असतो. बिल बाजूला सरकवलं की सुटल्यासारखं आत्ता वाटतं, दंड पुढच्या महिन्यात येतो. म्हणून तोट्याची कितीही उजळणी केली तरी सवय हलत नाही. तो रोख नफा नेमका कोणता हे शोधावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी बघा, ही सवयच आहे का

घाईने स्वतःला दोष देऊ नका. कल्याणहून रोज सीएसएमटीला जाणारा माणूस व्यायाम करत नाही, यात त्याच्या सवयीचा वाटा किती आणि लोकलमध्ये जाणाऱ्या तासांचा किती? रात्री अकराला ओटा आवरून झाल्यावर जी बाई साडेबारापर्यंत फोनवर काहीबाही बघत बसते, तिला दिवसभरात स्वतःचा म्हणून तेवढाच वेळ मिळत असेल, तर बदल घरकामाच्या वाटणीत व्हायला हवा. 'फोन ठेव आणि लवकर झोप' हा सल्ला सगळ्यांना आवडतो, कारण त्यात घरातल्या बाकी कुणालाच काही करावं लागत नाही.

स्वतःला चार गोष्टी विचारा. नुकसान होणार हे मला आधी माहीत होतं का? वेगळं वागणं माझ्या हातात होतं का? हे पूर्वीही बऱ्याचदा झालंय का? आणि त्या क्षणी, अगदी थोडा वेळ का होईना, मला बरं वाटलं का? चारही उत्तरं 'हो' असतील तर पुढे वाचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर तुमचा प्रश्न परिस्थितीचा आहे. तिथे सवयीशी कुस्ती खेळून दमायला होईल, दुसरं काही होणार नाही.

एकच सवय निवडा आणि ती क्रियापदात लिहा

'मी आळशी आहे.' 'माझा स्वभावच भिडस्त.' अशी वाक्यं लिहिली की काम तिथेच संपतं, कारण स्वभावाला हात घालणार कुठून? वर 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण मदतीला हजर असतेच. ही म्हण दुसऱ्याबद्दल बोलताना वापरली तर टोमणा होतो, पण स्वतःबद्दल वापरली तर चक्क पळवाट होते.

शेजारच्याला खिडकीतून दिसू शकेल असं वाक्य लिहा. 'ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर बसतो आणि जेवणाची हाक येईपर्यंत उठत नाही.' 'कुणी समोर येऊन काही मागितलं की विचार न करता हो म्हणते.' 'बिलाचा मेसेज आला की पुसून टाकतो.' यात कधी, कुठे आणि काय हे आलं. आता पकडायला काहीतरी हाती लागलं.

सवय एकच घ्या. पाडव्याला किंवा एक जानेवारीला पाच-पाच संकल्प एकदम सोडणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनीच बघितलंय. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी सवयही आधी घेऊ नका. रोज किंवा दिवसाआड घडणारी, मध्यम त्रासाची घ्या, म्हणजे सरावाची संधी वारंवार मिळेल. वर्षातून एकदा आयकर विवरणपत्र भरताना होणारी चालढकल शिकाऊ माणसाच्या कामाची नाही.

आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

नवख्यांना ही पायरी सगळ्यात निरर्थक वाटते आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात. अमेरिकेतल्या नेथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये नखं खाणं, तोंड किंवा मान झटकणं अशा सवयींवर एक उपचारपद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. तिची सुरुवात जाणिवेपासून होते. हात तोंडाकडे कधी जातो, त्याआधी काय होतं, हे माणसाला आधी स्वतःला दिसायला लागतं. सवयीचा मुळी गुणच असा की ती आपल्या नकळत होते. लक्षात न येणारी गोष्ट थांबवणार कशी?

वेगळी वही, ॲप वगैरे काही नको. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहिता, तिच्या मागच्या पानावर लिहा, नाहीतर फोनमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवा. पाच गोष्टी पुरतात: वेळ आणि जागा, त्याआधी काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, आपण काय केलं आणि लगेच कसं वाटलं. समजा सवय आहे कागदपत्रांची आणि तपासण्यांची कामं टाळण्याची. नोंदी अशा दिसतील:

'मंगळवार, रात्री साडेनऊ. जेवण झालं होतं. टेबलावर घरपट्टीचं बिल दिसलं. मनात आलं, आत्ता साइट चालणार नाही, शनिवारी निवांत करू. बिल वर्तमानपत्राखाली सरकवलं. हायसं वाटलं.'

'गुरुवार, दुपार, ऑफिस. आईचा फोन. रक्त तपासून आलास का म्हणाली. या आठवड्यात करतोच म्हणालो आणि विषय बदलला. हायसं वाटलं. थोड्या वेळाने स्वतःचाच राग आला.'

'शनिवार, सकाळ. बिल आठवलं. एवढ्यासाठी सुट्टीची सकाळ कोण घालवणार, असं वाटलं. गाडी धुवायला घेतली. बरं वाटलं, काहीतरी काम केल्यासारखं.'

तीन नोंदींत किती गोष्टी उघड झाल्या बघा. मंगळवारी ज्या शनिवारवर काम ढकललं, तो शनिवार येताच नवीन कारण हजर झालं. म्हणजे साइट चालणं-न चालणं हा मुद्दाच नव्हता. दोनदा 'हायसं वाटलं' हेच शब्द आले. आणि तिसऱ्या वेळी टाळाटाळ दुसऱ्या एका कामाच्या रूपात आली, जी बाहेरून उद्योगीपणासारखी दिसते. परीक्षेच्या दिवसांत कपाट आवरायला काढणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

लिहायला लागल्यावर काहींची सवय त्याच आठवड्यात थोडी कमी होते. झाली तर झाली, पण त्यावर विसंबू नका.

रोख नफा कोणता ते शोधा

आता नोंदी पुढे घेऊन बसा आणि 'लगेच कसं वाटलं' एवढंच वाचत जा.

चालढकलीबद्दल बहुतेकांना वाटतं की वेळेचं नियोजन जमत नाही. कॅनडातले टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये मांडलेलं म्हणणं वेगळं आहे. चालढकल म्हणजे त्या क्षणीच्या नकोशा भावनेपासून केलेली सुटका. काम कंटाळवाणं असतं, भीतीचं असतं किंवा आपली अक्कल उघडी पाडणारं असतं. काम लांबवलं की ती भावना लांबते. रक्त तपासायला न जाणारा माणूस सुईला भीत नाही, रिपोर्टला भीत असतो. त्याला वेळापत्रक करून दिलं तर तो वेळापत्रकही टाळेल.

याहून चमत्कारिक नफा आहे तो सबब मिळण्याचा. १९७८ मध्ये एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास यांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सुटणारच नाहीत असे प्रश्न दिले आणि नंतर 'छान सोडवलेत' म्हणून सांगितलं. पुढच्या चाचणीआधी त्यांना दोन औषधांतून निवड करायला सांगितली, एक बुद्धी तल्लख करणारं आणि दुसरं मंद करणारं. आपल्याला यश कशाने मिळालं हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या बऱ्याच मुलग्यांनी मंद करणारं औषध मागितलं. नापास झालो तर दोष औषधाचा, पास झालो तर औषध घेऊनसुद्धा पास. आपल्याकडे यासाठी औषध लागत नाही. परीक्षा हॉलच्या बाहेर 'मी काही वाचलंच नाहीये रे' हे वाक्य प्रत्येक पिढीत म्हटलं गेलंय. काहींच्या बाबतीत ते खरं असतं, आणि मुद्दाम खरं केलेलं असतं.

नफा सापडला की एक नियम पाळा. जुन्या सवयीच्या जागी जे आणाल त्यातून त्याच जातीचा नफा थोडातरी मिळायला हवा. ॲझरिन आणि नन यांनी नखं खाणाऱ्याला 'खाऊ नकोस' एवढंच सांगून सोडलं नाही. हात वर जायला लागला की मूठ आवळून काही मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे हाताला काम मिळतं आणि नखं खाणं त्या वेळात शक्यच होत नाही. रिपोर्टची भीती असेल तर आज फक्त प्रयोगशाळेला फोन करून घरी येऊन रक्त नेतात का एवढं विचारा. तेवढं केल्यावरही हायसं वाटतं, आणि या वेळचं हायसं वाटणं उधारी वाढवत नाही.

डोक्यातलं वाक्य पकडा

लिहायच्या पाच गोष्टींतली तिसरी आठवा, मनात कोणतं वाक्य आलं. या वाक्यांवर सगळ्यात जास्त काम ज्याने केलं तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. त्याने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचा गाभा थोडक्यात सांगता येतो. घटना आणि आपली प्रतिक्रिया यांच्या मध्ये आपली एक समजूत बसलेली असते, आणि ती बहुधा 'च'ची असते. सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे. काम जमलं तर उत्तमच जमलं पाहिजे. मला त्रास होताच कामा नये.

एलिस हे आधी स्वतःवर करून बघत असे. तो एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला भयंकर बुजायचा. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं, असं त्याने महिनाभर करायचं ठरवलं. त्यानेच सांगितल्याप्रमाणे तो १३० जणींच्या शेजारी जाऊन बसला, ३० जणी उठून गेल्या आणि उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. त्यातून एकच भेट ठरली आणि ती बाईही आली नाही. हिशेबाने पाहिलं तर शंभर टक्के अपयश. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत आणि त्याची बोलायची भीती गेली. (आजच्या काळात बागेत असं करू नये हे सांगायला हवं. बायकांनाही बाकावर निवांत बसायचा हक्क आहे.)

आपण काय घ्यायचं? वाक्य कागदावर उतरवा आणि त्याला दोन प्रश्न विचारा: हे खरं कशावरून? आणि खरं असलंच तर किती वाईट होईल? 'मी नाही म्हटलं तर ताई कायमची दुखावेल.' यापूर्वी ती दुखावली होती तेव्हा किती दिवस बोलली नव्हती? चार दिवस? मग 'कायमची' कुठून आलं? वाक्य बदलून लिहा: 'ताईला वाईट वाटेल, थोडे दिवस कमी बोलेल, आणि ते मला सोसेल.' हे वाक्य गोड नाही, पण खरं आहे आणि म्हणून टिकतं. 'मी खूप समर्थ आहे' छापाची वाक्यं आरशासमोर म्हणण्यावर माझा फारसा विश्वास नाही. ती म्हणताना आतला माणूस हसत असतो.

जागा हलवा

मनाशी झगडण्यापेक्षा टेबल हलवणं सोपं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चित्रपटगृहात आलेल्यांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही तितकेच खाल्ले. चव आवडली नाही हे तेच सांगत होते. त्याच सवयीच्या लोकांना सभेच्या खोलीत व्हिडिओ दाखवले तेव्हा त्यांनी शिळे बाजूला ठेवले. चित्रपटगृहातच पण रोजच्यापेक्षा वेगळ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही शिळे कमी खाल्ले गेले. हात आपोआप चालत होता, तो एवढ्याशा अडथळ्याने थांबला.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण युद्धाचं आहे. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे २० टक्के जण तिथे असताना आपण हेरॉइनच्या आहारी गेलो होतो, असं सांगत होते. ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. जागा, सोबत, माल मिळण्याची सोय, सगळंच बदललं होतं, त्यामुळे श्रेय एकट्या जागेला देता येणार नाही. पण 'जित्याची खोड'वाल्यांनी हा आकडा एकदा बघावाच.

आपल्याला देश सोडायचा नाही. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून काढून हॉलमध्ये किंवा ओट्याजवळच्या प्लगला लावा. गजरासाठी फोन लागतो ही सबब लगेच येईल, म्हणून त्याच दिवशी साधं गजराचं घड्याळ आणा. ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर रुतत असाल तर सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवा, घड्या घातल्याशिवाय बसताच येणार नाही. बिलं वर्तमानपत्राखाली जात असतील तर दाराच्या आतल्या बाजूला चिमट्याने लटकवा, बाहेर पडताना नाकासमोर येतील. किंवा वीजबिल थेट खात्यातून जाईल अशी सोय करून टाका आणि विषय संपवा. जे काम यंत्राला देता येतं तिथे स्वतःचं मनोबल खर्च करण्यात काही मोठेपणा नाही.

'जर-तर' आधी ठरवा, भिडेसाठी तर नक्कीच

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये एक साधी युक्ती मांडली. 'मी यापुढे लवकर झोपेन' म्हणण्याऐवजी 'जर साडेदहा वाजले, तर फोन हॉलमध्ये लावून येईन' असं ठरवायचं. प्रसंग आणि कृती आधीच एकत्र बांधून ठेवायची. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा हे बरंच जास्त काम करतं असं दिसलं. ऐन वेळी विचार करावा लागत नाही, हेच त्यामागचं कारण.

ही युक्ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती भिडेला. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्या आज्या सांगून गेल्या, पण नाही कसं म्हणायचं ते बहुतेक घरांत कुणी शिकवलं नाही. आणि भिडेची किंमत नेहमीच एखाद्या नको असलेल्या लग्नाच्या आहेराएवढी नसते. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहण्याचं घ्या. 'फक्त सही तर करायची' म्हणून कागद पुढे येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले तर कर्ज देणारी संस्था सरळ तुमच्याकडे येऊ शकते. सही करताना मिळणारा नफा काय? समोरच्या माणसाचा पडलेला चेहरा बघावा लागत नाही, एवढाच.

म्हणून वाक्य घरीच तयार ठेवा. जर कुणी जामीन राहायला सांगितलं, तर मी म्हणेन: 'दादा, कुणालाच जामीन राहायचं नाही असं आम्ही घरात ठरवलंय. तुझ्याबद्दल काही शंका नाही. कागदपत्रं जमवायला किंवा बँकेत सोबत यायला सांग, मी येतो.' मोठ्या माणसांसाठी तेच आदराने: 'काका, माफ करा, पण जामिनाचं मला जमणार नाही.' यात कारणांची लांबण नाही. एक कारण दिलंत की समोरचा त्यावर तोडगा काढतो, मग दुसरं द्यावं लागतं, तिसऱ्याला तुम्ही सही करता.

'बघतो', 'सांगतो', 'घरी विचारून कळवतो' या उत्तरांपासून जपा. हे नकारासारखे वाटतात, पण ही भीडच आहे. त्या क्षणीचा अवघडलेपणा टळतो, समोरचा आशेवर राहतो आणि आठवड्याने तोच प्रसंग दुप्पट अवघड होऊन परत येतो. खरंच विचार करायचा असेल तर दिवस सांगा आणि त्या दिवशी स्वतःहून फोन करा.

सराव मात्र जामिनापासून सुरू करू नका. एलिस आपल्या रुग्णांना मुद्दाम थोडं लाजायला होईल असं वागायला लावायचा, म्हणजे लाजेने कुणी मरत नाही हे अनुभवाने कळतं. त्याचा आपल्याकडचा सोपा धडा साडीच्या दुकानात आहे. गादीवर बसा, आठ-दहा साड्या उलगडून बघा, नाही आवडल्या तर 'छान आहेत, पण आज घेत नाही' म्हणून उठा. दुकानदाराच्या दिवसात असे प्रसंग कितीतरी येतात, त्याला याचं काही वाटत नाही. जिन्यापर्यंत पोचेतो तुमच्या मानेला घाम आला असेल तर समजा, धडा बरोबर निवडला होता. त्यानंतर हळदीकुंकवाला 'आणखी एक घ्याच'ला नकार, मग सोसायटीच्या समितीतल्या पदाला, मग ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्या 'जरा एवढं बघशील का'ला.

किती दिवस लागतील

एकवीस दिवस, असं सगळीकडे छापून येतं. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं. पुढे 'निदान' गळून पडलं आणि चेहराही गळाला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस आढळला. पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. अभ्यास ८४ दिवसांचाच असल्याने वरचा आकडा आलेखावरून पुढे काढलेला आहे. शिवाय तो जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, धावायला जाणं अशा नव्या सवयी लावण्याबद्दल होता, जुनी मोडण्याबद्दल नव्हता. तेव्हा दोन-तीन महिने धरून चाला. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर कंटाळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. तुमच्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ लावू नका. याच अभ्यासातली एक दिलासा देणारी गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

घसरलात तर

घसराल. 'ये रे माझ्या मागल्या' ही म्हण उगाच जन्माला आली नाही. खरं नुकसान घसरण्याने होत नाही, त्यानंतरच्या एका वाक्याने होतं. संकष्टीच्या दिवशी चुकून बिस्किट तोंडात जातं, आणि 'आता मोडलाच आहे उपवास' म्हणून संध्याकाळी वडापावही खाल्ला जातो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच प्रयोगात पकडलं. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर पुढे आइस्क्रीम त्यांनी कमी खाण्याऐवजी जास्त खाल्लं. पथ्य मोडलं, मग आजचा दिवस गेलाच, असा तो हिशेब.

स्वतःला झोडपल्याने हे सुधारत नाही. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या २०१० मधल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. रोख नफ्याच्या हिशेबाने हे बरोबर बसतं. अपराधीपणा ही आणखी एक नकोशी भावना आहे, आणि नकोशा भावनेवर आपला जुना उपाय काय होता?

तेव्हा घसरल्यावर करायचं एवढंच की त्याच संध्याकाळी पूर्वीसारखी पाच गोष्टींची नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी ठरलेली कृती करायची. दुप्पट नको, भरपाई नको. एकाच प्रसंगी तीनदा घसरलात तर तुमचं 'जर-तर' चुकलंय. वेळ बदला, जागा बदला किंवा काम आणखी लहान करा. रक्त तपासणीचा फोनच होत नसेल, तर आज फक्त नंबर शोधून भिंतीवर लिहा.

घरी सुटणार नाही असं काही

तंबाखू, मिश्री, दारू, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, इथे वरच्या युक्त्या साहाय्याला आहेत, पण एकट्या पुरत नाहीत. यात शरीर किंवा कर्ज अडकलेलं असतं. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तंबाखू आणि मिश्री सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. घरातल्या मिश्री लावणाऱ्या आजीला किंवा आईला हा क्रमांक स्वतः लावून द्या, ती आपणहून लावणार नाही.

आणि काही वेळा जी चालढकल वाटते ती चालढकल नसते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, अंघोळीसारखी साधी कामंही डोंगराएवढी वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहे. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. पहिल्या फोनला काय बोलायचं सुचत नसेल तर आठवडाभराच्या नोंदींचा कागद हातात घ्या आणि त्यातलंच वाचून दाखवा.